बांध घालण्याआधी पाण्याची वाट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळ्याआधीच्या या अंकासाठी मृद्‍संधारणावर प्रश्न मागवले होते. माही नदीकाठच्या कोतरांपासून, म्हणजे खोल घळींपासून, वडोदरा जिल्ह्यातल्या डभोईच्या काळ्या जमिनीपर्यंत सगळीकडून पत्रे आली. एकाच अडचणीची पत्रे एकत्र केली आहेत. उत्तरांतली मापे जमीन न पाहता दिली असल्याने सुरुवातीची समजावीत.

प्रश्न : सावली तालुक्यात माहीच्या बाजूला आमची गोराडू (रेताड पोयट्याची) जमीन आहे. शेताच्या टोकाला बारा-तेरा फूट खोल कोतर आहे आणि ते दर पावसाळ्यात शेतात सरकतंय. सात-आठ एकराचं पाणी तिथे उतरतं. ट्रॉल्या भरभरून माती आणि विटांचे तुकडे टाकले, सगळं वाहून गेलं. आता भिंत बांधावी का?

उत्तर : भिंत नको, आणि भरावही नको. कोतराचे तोंड पुढे येते ते वरून पडणाऱ्या पाण्यामुळे. पाणी कडेवरून खाली आपटते, पायथा पोखरते, वरचा ओठ अधांतरी लोंबतो आणि एका रात्री ढासळतो. गोराडूत खालचा थर वरच्यापेक्षा भुसभुशीत असला की हे फार झपाट्याने होते. टाकलेली माती मुळातल्या मातीइतकी कधीच घट्ट बसत नाही, म्हणून पहिल्याच पाण्यात जाते. भिंतीचे तेच : पाणी तिच्या मागून आणि बगलेतून वाट काढते आणि भिंत एकटी उभी राहते.

आधी पाणी कडेपर्यंत येऊच द्यायचे नाही. कोतराच्या खोलीच्या दुप्पट ते तिप्पट अंतर मागे, म्हणजे तुमच्याकडे ८ ते १२ मीटर आत, कडेला समांतर बांध घाला. मधली पट्टी गेली असे समजून तिथे गवत वाढू द्या. ती नांगरण्याचा मोह झाला तर पुढचे वाचू नका. बांधासाठी माती शेताच्या बाजूने घ्यावी, कोतराच्या बाजूने कधीही नाही. माती ओलसर असताना १५ ते २० सेंमीचे थर देऊन प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा. उतार दोन्ही अंगांना दीडास एक (दीड आडवे, एक उभे), उंची हवी त्याहून १० ते १५ टक्के जास्त, कारण माती दबते. बांधाच्या आतल्या चराला १०० मीटरला २० ते ४० सेंमी उतार देऊन सगळे पाणी एका ठिकाणी आणावे.

आता ते खाली कसे उतरवायचे, हा खरा प्रश्न. बहुतेक जण बांध घालतात आणि इथेच थांबतात. मग बांध सखल जागी फुटतो आणि दुसरे कोतर सुरू होते. तासाला १०० मिमीची सर आली आणि त्यातले ४० टक्के पाणी वाहिले, तर एका हेक्टरातून सेकंदाला सुमारे ११० लिटर येतात. तुमचे क्षेत्र तीन हेक्टरांच्या आसपास, म्हणजे ३३० लिटर. तोंडाशी पाऊण मीटर पाणी चढत असेल तर ४५ सेंमी व्यासाचा आर.सी.सी. पाइप एवढे पाणी नेतो. बांधाची उंची त्याच हिशोबाने ठरवावी : पाइपाच्या मध्यापासून पाऊण मीटर पाणी आणि वर निदान ३० सेंमी कोरडी माती. लोक सहा इंची पाइप घालतात. तो ४० लिटरांच्या पुढे जात नाही, उरलेले बांधावरून जाते.

पाइप बसवताना त्याच्या बाहेरच्या अंगाने पाणी झिरपत जाते आणि माती आतून पोकळ होते. ते अडवायला पाइपाभोवती काँक्रीटची कॉलर घालावी, चारी बाजूंनी ४५ सेंमी बाहेर येणारी. खालचे तोंड अधांतरी सोडू नये. ते कोतराच्या तळापर्यंत न्यावे आणि पाणी पडते तिथे दगड किंवा काँक्रीटचा हौद करावा. वरच्या तोंडाला सळ्यांची जाळी हवी, नाहीतर तुरीच्या काटक्यांनी तो तुंबतो.

हे झाल्यावर कोतराच्या आत शिरा. गुरे आणि सरपणाची तोड बंद. माहीकाठी दगड मिळत नाही, म्हणून तळात झुडपी बांध घालावेत : खुंटांच्या दोन ओळी ६० ते ९० सेंमी अंतरावर, प्रत्येक खुंट निदान ६० सेंमी जमिनीत, मध्ये आडव्या फांद्या दाबून वरून तारेने आवळलेल्या. खुंट निर्गुडीचे ओले असले तर फुटतात आणि बांध जिवंत राहतो. दोन्ही टोके काठात अर्धा मीटर घुसवा आणि मधला भाग कडांपेक्षा ३० सेंमी खाली ठेवा. मध्य उंच राहिला की पाणी बगल कापते. फुटलेल्या बहुतेक झुडपी बांधांचे हेच दुखणे असते. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाशी सपाटीत यावा. तळाचा उतार ५ टक्के आणि बांध पाऊण मीटर उंच असेल तर अंतर १५ मीटर. साचलेल्या गाळात मानवेल बांबू, काठांच्या उतारावर मारवेल गवत, म्हणजे आपल्याकडचे जिंजवो. वासदच्या मृद्‍संधारण संशोधन केंद्रात १९५०च्या दशकापासून माहीच्या कोतरांवरच काम झाले आहे. खर्च करण्याआधी एकदा तिथे जाऊन यावे. पूल ओलांडला की पोहोचलात.

प्रश्न : डभोईजवळ काळी जमीन, कापूस आणि तूर. पुस्तकात वाचून समपातळीवर बांध घातले. दरवर्षी फुटतात, आणि जे टिकतात त्यांच्या मागे तूर पिवळी पडते.

उत्तर : पुस्तक बरोबर असेल, जमीन दुसरी आहे. समपातळी बांध हलक्या, पाणी पिणाऱ्या जमिनीसाठी आणि कमी पावसाच्या मुलखासाठी. वडोदऱ्याकडे सरासरी पाऊस ९०० मिमीच्या आसपास. ओली काळी माती पाणी जवळजवळ पीत नाही, आणि उन्हाळ्यात हीच माती भेगाळते, बांधासकट. पहिल्या जोरदार सरीचे पाणी त्या भेगांतून घुसते आणि बांध आतून कापला जातो. ज्या बांधाची भेग बुजली त्याच्या मागे पाणी साचते, तिथे तुरीची मुळे गुदमरतात.

तुम्हाला पाणी अडवायचे नसून सावकाश चालवायचे आहे. म्हणून उताराचे बांध : १०० मीटरला २० ते ४० सेंमी उतार, उंची ४५ ते ६० सेंमी, तळ रुंद. नजरेच्या अंदाजावर जाऊ नका. पंधरा मीटर पारदर्शक नळी, सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्या आणि पाणी एवढ्यात काम होते. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकते. म्हणून आधी दोन्ही काठ्या एकाच जागी उभ्या करून पाणी सारखे दिसते का ते बघावे. दर दहा मीटरवर खुंटी, पुढची खुंटी ३ सेंमी खाली.

सगळे बांध ज्या गवती नाल्यात उतरणार, तो एक पावसाळा आधी तयार व्हायला हवा. उथळ, बशीसारखा खोलगट, हरळी दाट बसलेली. गवत धरलेल्या नाल्यात सेकंदाला दीड मीटर वेगाचे पाणी चालते. उघड्या मातीला त्याच्या निम्मेही सोसत नाही. आणि त्या नाल्यातून ट्रॅक्टर नेऊ नये. चाकाची चाकोरी पडते, पाणी तिच्यात शिरते आणि दोन पावसाळ्यांत तिची घळ होते. हे सांगितले तरी लोक नेतात, कारण तीच सोयीची वाट असते.

मातीकाम मे महिन्यात करू नये. वाळलेल्या ढेकळांचा बांध बाहेरून भक्कम दिसतो, आतून पोकळ असतो. खरीप निघाल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात जमिनीत ओल असते, तेव्हा ढेकूळ फुटते आणि दबते.

प्रश्न : पादऱ्याकडच्या आमच्या जमिनीत आजोबांच्या वेळचे, १९५०नंतरचे बांध आहेत. जुन्या कागदांत बंडिंगच्या, म्हणजे बांधबंदिस्तीच्या, वसुलीची नोंदही सापडली. ट्रॅक्टरला अडचण होते. सपाट करावेत का?

उत्तर : १ मे १९४९ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६०पर्यंत इकडे मुंबईचे कायदे चालले. १९४२च्या मुंबई जमीन सुधारणा कायद्याखाली बंडिंगच्या योजना होत आणि खर्चाचा भाग जमीनमालकांकडून वसूल होई. तुमची नोंद बहुधा त्यातलीच.

ते बांध कसे आखले ते कळले तर निर्णय सोपा होतो. तेव्हाचे सूत्र फुटांत होते : उताराच्या टक्क्यांना ३ने भागा, २ मिळवा, तेवढे फूट जमीन उतरली की पुढचा बांध. उतार दीड टक्का असेल तर अडीच फूट, म्हणजे दोन बांधांत सुमारे १६७ फूट. हे अंतर तुमच्याकडे जुळते का ते मोजा. जुळत असेल तर बांध मोडू नका. ट्रॅक्टरसाठी एका जागी दोन्ही अंगांना लांब उताराचा रॅम्प करा, म्हणजे माथा तसाच राहतो. मापे मुळीच जुळत नसतील आणि बांध वरून खाली उताराच्या दिशेने जात असेल, तर तो फक्त हद्दीचा बांध. तो हलवायला हरकत नाही, शेजाऱ्याची संमती घेऊन.

प्रश्न : वडोदऱ्याला पूर आला की धरणांची चर्चा होते. अमेरिकेत १९५०च्या सुमारास छोट्या छोट्या मातीच्या बांधांनी पूर आवरले असं ऐकलं. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीवर ते चालेल?

उत्तर : काही प्रमाणात, आणि एका अटीवर.

तिकडची हकीकत अशी. १९४४च्या पूरनियंत्रण कायद्याने ११ पाणलोट निवडले, त्यांत ओक्लाहोमातील वॉशिटा नदीचा एक. तिथे पहिला बांध १९४८ला झाला. १९५४च्या कायद्याने अडीच लाख एकरांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १,००० चौरस किमीच्या पाणलोटांना ही योजना खुली झाली; पुढे देशभर असे अकरा हजारांहून अधिक बांध झाले. मोठी धरणे बांधणारे लष्करी अभियंते आणि वरच्या अंगाला काम करणारे कृषी खाते यांच्यात तेव्हा चांगलीच जुंपली होती.

बांधाची रचना साधी असते. तळात गाळासाठी राखलेली जागा, साधारण ५० वर्षे पुरेल इतकी. तिच्या माथ्याशी उभ्या विहिरीसारखे पाइपाचे तोंड. त्याच्या वरची जागा पुराची : पाऊस आला की ती भरते आणि पाइपातून काही दिवसांत रिकामी होते. आणखी वर, बाजूला, गवती सांडवा. तो क्वचितच चालावा. कायद्यातली एक तरतूद आम्हाला सगळ्यात शहाणपणाची वाटते : बांधाच्या वरच्या निम्म्या तरी जमिनीवर मृद्‍संधारण करण्याचा शेतकऱ्यांशी करार असल्याशिवाय मदत मिळत नसे. नाहीतर ५० वर्षांची गाळाची जागा फार लवकर भरते.

विश्वामित्री पावागढच्या डोंगरातून येते. तिच्या वरच्या ओढ्यांवर असे बांध बसतील. पण हिशोब करून बघा. १० चौरस किमीच्या पाणलोटातून १० सेंमी पाणी थोपवायला १० लाख घनमीटर जागा लागते. ३१ जुलै २०१९ला शहरात एका दिवसात सुमारे ५०० मिमी पडला. तसल्या दिवशी या जागा भरून सांडवे चालू होतात आणि शहरावर पडलेल्या पावसाला तर वरचा कुठलाच बांध अडवत नाही. नेहमीच्या पावसाचे पूर मात्र नक्की उतरतात, आणि वरच्या गावांची शेते वाचतात.

अट अशी की पुराची जागा रिकामी राहिली पाहिजे. वडोदऱ्याचा आजवा तलाव पिण्याच्या पाण्यासाठी बांधला, तो भरलेला असावा हेच बरोबर. पण पुरासाठी बांधलेला तलाव ऑगस्टमध्ये कोरडा दिसला की लगेच पाइपाच्या तोंडावर फळ्या बसतात. रिकामा तलाव आपल्या लोकांना बघवत नाही.

प्रश्न : बांधावर साग लावू का?

उत्तर : माथ्यावर नको. सावलीत गवत मरते, माती उघडी पडते, आणि झाड तोडल्यावर मुळे कुजून पोकळ वाटा राहतात. खालच्या अंगाला पायथ्यापासून दोन मीटर सोडून लावा.

प्रश्न : पावसाळ्याआधी बांधांची तपासणी कधी करावी, काय बघावे?

उत्तर : दोनदा. मेच्या अखेरीस उंदरांची आणि घुशींची बिळे शोधा. नुसते तोंड बुजवून भागत नाही, बीळ जाईल तितके खणून ओली माती ठोकत वर यायचे. नळीची पाणपातळी घेऊन माथा मोजा, कारण पाच सेंमीची खोलगट जागा डोळ्याला दिसत नाही आणि पाणी नेमके तिथूनच ओलांडते. दुसऱ्यांदा पहिल्या मोठ्या पावसानंतर, पाणी चालू असतानाच, फावडे घेऊन जा. सांडव्याच्या खालच्या टोकापासून वर चालत या. ओघळ पडायला लागला असेल तर तो तिथेच आधी दिसतो, आणि त्या दिवशी दोन पोती माती आणि गवताचे चार गड्डे पुरतात.