आमंत्रणं, लेखक-मैत्रिणी आणि घर: आधी मानधनाचं बोला

प्रश्न: पहिला कथासंग्रह यंदा आला. शाळेत नोकरी करते, घरी दोन मुलं आणि सासूबाई. दिवाळीनंतरची व्याख्यानं, कथाकथन, परिसंवाद अशी आमंत्रणं एकदम आली आहेत. लिहिणाऱ्या मैत्रिणींनाही वेळ द्यावा लागतो. लेखिका हे सगळं कसं जमवतात?

उत्तर: तुमच्या प्रश्नात शाळा आहे, मुलं आहेत, सासूबाई आहेत, मैत्रिणी आहेत. मानधन हा शब्द कुठेच नाही. म्हणून लिहायला बसले, नाहीतर ‘कसं जमवता’ या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. पुरुष कथाकारांना हे कुणी विचारलेलं ऐकलं नाही.

आमंत्रण बहुधा रात्री फोनवर येतं आणि ‘ताई, तुमची तारीख हवी होती’ असं सुरू होतं. फोनवर हो म्हणायचं नाही. ‘व्हॉट्सॲपवर पत्र पाठवा, परवा कळवते’ एवढंच. पत्रात तारीख, विषय, किती मिनिटं बोलायचं, व्यासपीठावर आणखी कोण, येण्याजाण्याची आणि मुक्कामाची सोय, मानधनाचा आकडा, एवढं हवं. मानधनापुढे ‘यथोचित’ लिहिलं असेल तर आकडा विचारा. त्यांनाही तो ठरवायला लागतो, आणि आधी ठरला की त्यांचाही जीव भांड्यात पडतो.

दोन वेळा वेगवेगळ्या विचारा: कार्यक्रम सुरू कधी होणार आणि माझ्या हातात माईक कधी येणार. तालुक्याच्या वाचनालयाची व्याख्यानमाला घ्या. पत्रिकेवर सायंकाळी ६. सहाला खुर्च्या लागत असतात आणि माईकवाला ‘हॅलो हॅलो’ करत असतो. साडेसहाला अध्यक्ष येतात. समई पेटवताना वाती विझतात, मग पंखा बंद करायला कुणीतरी धावतं, आणि तो पुन्हा चालू करायचा राहून जातो. ईशस्तवन, स्वागतगीत, वाचनालयाच्या स्थापनेपासूनचं प्रास्ताविक, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, देणगीदारांचा सत्कार, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, निवृत्त ग्रंथपालांचा सत्कार. मग तुमचा परिचय. तुम्ही पाठवलेला अर्ध्या पानाचा कागद टेबलावर तसाच असतो आणि निवेदक स्वतः जमवलेलं काहीतरी वाचतो. माईक हातात येतो साडेसातला. पहिल्या रांगेतल्या आजोबांची जेवणाची वेळ आठची, आणि आभार मानणारा आत्ताच खुर्चीच्या टोकावर आलेला.

म्हणून तयारी उलटी करायची. भाषणात मिनिटाला साधारण ११० शब्द जातात. चाळीस मिनिटांचे झाले ४,४०० शब्द, म्हणजे हाताने लिहिलेली वीसेक पानं. नवखे लेखक आठ पानं नेतात आणि पंधराव्या मिनिटाला ‘तर असो’वर येतात, नाहीतर चाळीस पानं नेतात आणि शेवट राहून जातो. बारा मिनिटांचा गाभा स्वतंत्र बांधा आणि तो सुरुवातीलाच बोलून टाका. पुढचे दोन तुकडे असे हवेत की वेळ नसेल तर गाळता यावेत आणि कुणाला कळूही नये. व्यासपीठावरच्या नऊ मान्यवरांची नावं घेत बसू नका, ती निवेदकाने दोनदा घेतलेली असतात.

कथावाचन याहून हळू जातं. अडीच हजार शब्दांच्या कथेला पंचवीस मिनिटं धरा. प्रत मोठ्या टायपात, दुप्पट ओळअंतर, कागदाच्या एकाच बाजूला. पानं टाचू नका, सुटी ठेवा आणि सरकवत जा; टाचलेलं पान उलटताना माईकमध्ये वादळ येतं. फोनवरून वाचणार असाल तर विमान मोडवर टाका. ऐन शेवटच्या परिच्छेदात घरून ‘गॅस सिलिंडर आलाय’ असा फोन येतोच.

माईक साडेसातला म्हणजे शेवटची एसटी गेली. मुक्कामाचं आधीच बोला आणि स्पष्ट बोला: स्वतंत्र खोली, आतून कडी. कार्यकर्त्याच्या घरी उतरलात तर पाहुणचार उत्तम होतो, पण बारापर्यंत गप्पा आणि त्यांच्या मुलीच्या कविता ओघानेच येतात. शासकीय विश्रामगृह मिळालं तर छान, फक्त त्या दिवशी मंत्र्यांचा दौरा लागला तर तुमची खोली जाते. पर्यायी लॉजचं नाव विचारून ठेवा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, १२० नाही, हे जुन्या आयोजकांच्या अजून अंगवळणी पडलेलं नाही. एसटीत मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा प्रवासखर्चही अर्धाच मिळेल, त्यावर वाद घालू नका. (पंचाहत्तरी ओलांडलेल्या लेखकांना एसटी फुकट. त्यांच्या पाकिटात प्रवासखर्चापोटी काय पडत असेल ते तेच जाणोत.)

मोठ्या संमेलनातला परिसंवाद हा वेगळा मामला. सहा वक्ते, एक तास, त्यात अध्यक्षीय समारोप. तुम्हाला आठ मिनिटं मिळतील. ती वाया गेली तरी ग्रंथप्रदर्शनात दोन तास फिरता येतं, एवढ्यासाठी जायचं असेल तर जा.

दिवाळी अंकांचं गणित निराळं. मागणी मे-जूनमध्ये, मजकूर जुलैअखेर ते ऑगस्ट, आणि प्रुफं हमखास गौरी-गणपतीत. एका हाताला पुरणाचं पीठ आणि दुसऱ्या हातात पीडीएफ. सगळं वाचायला वेळ नसेल तर आधी ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’, ‘ॲ’ आणि रफार शोधा. युनिकोडमधून छपाईच्या जुन्या फाँटमध्ये मजकूर नेताना हेच मोडतात, आणि ‘दुसऱ्या’चं भलतंच काहीतरी छापून येतं. अंकासाठी दिलेली कथा फक्त त्या अंकापुरती, असं मेलमध्ये एक ओळ लिहून पाठवा. हक्क लेखी सोपवताना मुदत घातली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

मैत्रिणींबद्दल माझं मत कडक आहे. कच्चा खर्डा वाचणारी मैत्रीण एक किंवा दोन. त्यांना प्रकाशन समारंभात व्यासपीठावर बसवू नका, त्यांच्याकडून प्रस्तावना घेऊ नका, त्यांनी तुमच्या पुस्तकाचं परीक्षण लिहू नये. एकदा जाहीर कौतुक केलेल्या माणसाला पुढच्या खर्ड्यावर काट मारणं जड जातं, आणि तुम्हाला तर ती काटच हवी असते. वाचायला देताना ‘कशी वाटली सांग’ म्हणू नका. विचारा: कुठे कंटाळा आला, कोणतं पात्र दोनदा मागे जाऊन शोधावं लागलं, शेवट कितव्या पानावर कळला. तीन आठवड्यांची मुदत द्या, आणि तिच्या लिखाणाला तुम्हीही तेवढीच द्या. व्हॉट्सॲप ग्रुपवरचे अंगठे आणि फुलं याला मैत्री समजत असाल तर वेळ तिथेच जातोय. ग्रुप म्यूट करा, सोडू नका. सोडलात की पुढचे सहा महिने त्याचीच चर्चा.

घराचं थोडक्यात सांगते, कारण तुमचं घर तुम्हाला ठाऊक. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर तारीख आधी पेन्सिलीने लिहा. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने ‘चालेल’ म्हटलं की पेनने, आणि मगच आयोजकांना होकार. मुलांच्या परीक्षा, तुमच्या शाळेचं स्नेहसंमेलन, सासूबाईंच्या दवाखान्याच्या तारखा त्यावर आधीच हव्यात. महिन्याला बाहेरगावचा एकच कार्यक्रम घ्या. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, प्रत्येक महाविद्यालयाला, बँकेला आणि महामंडळाला त्याच दिवशी वक्ता हवा असतो, आणि तुमच्या स्वतःच्या शाळेत सूत्रसंचालन तुमच्याच गळ्यात पडणार. त्या दिवसाचं डिसेंबरमध्येच ठरवून टाका. बँकांचं मानधन खात्यात येतं, त्यासाठी पॅन आणि रद्द केलेला धनादेश मागतात. दोन्हीचे फोटो फोनमध्ये तयार ठेवा. शाळा अनुदानित किंवा सरकारी असेल तर मानधन घेण्याआधी मुख्याध्यापकांना लेखी कळवा.

आता मानधन. माझे एक कविमित्र आहेत, त्यांच्याशी हा वाद जुना आहे. त्यांचं म्हणणं, साहित्यिकाने आकडा विचारणं म्हणजे कीर्तनकाराने बुक्का लावायच्या आधी दक्षिणा मागणं. अहो, आजचे नामवंत कीर्तनकार सुपारी घेतल्याशिवाय तारीख देत नाहीत, आणि त्यात काही वावगं नाही. त्यांचा दुसरा मुद्दा, रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा कोण मानधन मागत होतं? रानडे न्यायखात्यात होते, दरमहा पगार येत होता. मंडपवाला पैसे घेतो, माईकवाला घेतो, हारवाला रोख घेतो. ज्याच्यासाठी मंडप घातला त्याला शाल आणि नारळ. शाली किती झाल्या हे कुठल्याही लेखकाच्या कपाटाचा वरचा कप्पा उघडून बघा.

बाकी, हे सरसकट नाही. सरकारी वर्गवारीतल्या ‘क’ आणि ‘ड’ या खालच्या वर्गांच्या वाचनालयांना अनुदान तुटपुंजं मिळतं, त्यातून ग्रंथपालाचा पगारही धड निघत नाही. तिथे आकड्याचा हट्ट नको. त्याऐवजी तुमच्या संग्रहाच्या दहा प्रती त्यांनी विकत घ्याव्यात असं सुचवा, किंवा विक्रीला एक टेबल मागा. लेखक-सवलतीत प्रकाशकाकडून पंचवीस प्रती घ्या, क्यूआर कोड छापून न्या, आणि सुटे पैसेही न्या, कारण वाचनालयातले निम्मे श्रोते रोखीवाले असतात.

कराचंही एक: तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर साहित्यकृतीच्या पुस्तकाच्या रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट मिळते. व्याख्यानाच्या मानधनाला ती नाही, दिवाळी अंकाच्या मानधनालाही नाही. म्हणून तिन्हींचा हिशेब वेगळा लिहा.

आणि पाकीट मिळालं की व्हाउचरवर सही करण्याआधी तिथेच उघडून मोजा. कविमित्रांना हे असभ्य वाटतं. वाटू दे. व्हाउचरवरचा आकडा आणि आतल्या नोटा जुळल्या पाहिजेत, कारण सही तुमची असते. रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं. आयोजक ते ऐनवेळी शोधत बसतात, तेव्हा चार तिकिटं पर्समध्ये टाकून ठेवा.