सोलापूरच्या उन्हाळ्यात टर्बो पेट्रोल गाडीला कोणत्या ग्रेडचे इंजिन ऑइल घालावे?

आपण विचारले आहे की, पारा ४२ अंशांवर जात असताना ताकदवान टर्बो पेट्रोल गाडीला ५डब्ल्यू-४० पुरेल, की गॅरेजवाले म्हणतात तसे २०डब्ल्यू-५० घालावे. (या ग्रेडमध्ये डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतली आणि नंतरचा तापल्यावरची जाडी सांगतो. आकडा मोठा तितके तेल जाड.) २०डब्ल्यू-५० घालू नका. हा आमच्या घरातला पाच वर्षांचा वाद आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडे स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस आहे. दोन लिटरचे, २३० हॉर्सपॉवरचे टर्बो इंजिन. माझ्या थोरल्या भावाचे टेम्पो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून माल वाहतात आणि डिझेल इंजिनांबद्दल त्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळते. मी पंधरा दिवस बाहेरगावी असताना, माझा खर्च वाचावा या चांगल्या हेतूने, त्याने आपल्या मिस्त्रीकडून माझ्या गाडीचे ऑइल बदलून घेतले आणि २०डब्ल्यू-५० भरले. परत आल्यावर मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "काय बे, सोलापूरच्या उन्हात तुझं ते पातळ तेल पाणी होतंय. जाड असलं की इंजिन टिकतंय." थोरल्या भावाशी वाद नको म्हणून मी तेव्हा गप्प बसलो, याचे मला आजही वाईट वाटते.

पुढे जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात, पहाटे साडेपाचला पुण्याला जाण्यासाठी गाडी सुरू केली. एरवी क्षणभर येऊन थांबणारा टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांचा) टकटक आवाज त्या दिवशी जवळजवळ अर्धा मिनिट चालला आणि मोहोळ येण्याआधीच इंजिनचा पिवळा दिवा लागला. स्कॅनर लावल्यावर कॅमशाफ्टचे टायमिंग मागे पडत असल्याचा कोड निघाला. या इंजिनात व्हॉल्व्हचे टायमिंग बदलण्याचे काम ऑइलच्याच दाबावर, अरुंद वाटांमधून आणि एका छोट्या व्हॉल्व्हमार्फत होते. तेल हवे त्यापेक्षा जाड असेल तर तो दाब वेळेवर पोहोचत नाही. त्याच दिवशी चेंबर रिकामा करून, फोक्सवॅगनचे (स्कोडा याच समूहातली) ५०२ ०० हे तेलाचे मानांकन असलेले ५डब्ल्यू-४० घातले. तो कोड तेव्हापासून एकदाही आलेला नाही.

दादाला हे पटले नाही. जानेवारीची गोष्ट मे महिन्यात सांगू नकोस, असे त्याचे म्हणणे. म्हणून मी नोंदी ठेवायला सुरुवात केली, कारण या गाडीत ऑइलचे तापमान समोरच्या पडद्यावर दिसते. मे महिन्यातील दुपारी, बाहेर ४२ अंश असताना, टेंभुर्णीपर्यंत ताशी १०० च्या स्थिर वेगात ऑइल १०१ अंशांवर राहिले. जानेवारीच्या सकाळी, बाहेर १७ अंश असताना, त्याच रस्त्यावर आणि त्याच वेगात ते ९७ होते. ऑगस्टमध्ये मात्र, बाहेर जेमतेम २५ अंश असताना, तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दामटली तेव्हा आकडा ११४ वर गेला. बाहेरचा २५ अंशांचा फरक थर्मोस्टॅट आणि ऑइल कूलर मिळून जवळपास गिळून टाकतात. ऑइल खरे तापते ते आपल्या उजव्या पायामुळे.

दुसरी गोष्ट मी दादाच्या डोळ्यांदेखत केली. भर उन्हाळ्यात अंगणात सावलीला ठेवलेल्या दोन्ही डब्यांतले चमचा-चमचा तेल स्टीलच्या ताटात शेजारी ओतले आणि ताट कलते धरले. माझे तेल काठाला पोहोचले तेव्हा त्याचे अर्ध्या वाटेवर होते. ४० अंशांना २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-४० च्या जवळजवळ दुप्पट जाड असते. म्हणजे सोलापूरची मे महिन्यातील दुपारसुद्धा इंजिनच्या हिशेबाने थंडच आहे, आणि गाडी सुरू करताना तेल पातळ नसते, गरजेपेक्षा जाडच असते.

उष्णतेत संरक्षण किती मिळेल हे पाहायचे असेल तर १५० अंशांना, वेगाने फिरणाऱ्या भागांमध्ये तेल घासले जाते तशा स्थितीत मोजलेली जाडी, म्हणजे एचटीएचएस, पाहावी. ५०२ ०० मानांकनाच्या तेलात ती किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद असावी लागते, आणि ५०८ ०० च्या ०डब्ल्यू-२० मध्ये किमान २.६. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत कोणते मानांकन आहे ते आपण लिहिलेले नाही आणि खरे उत्तर त्यावरच ठरते. पुस्तिकेत ५डब्ल्यू-४० असेल तर निःशंक तेच घाला. केवळ ०डब्ल्यू-२० असेल तर तेच घाला. त्या इंजिनाचा ऑइल पंप आणि बेअरिंगमधल्या फटी त्याच हिशेबाने केलेल्या असतात. शहरातल्या शहरात, सात रस्ता ते होटगी रोड एवढेच फिरणे असेल, तर ग्रेडपेक्षा मुदत महत्त्वाची आहे, कारण छोट्या फेऱ्यांत पेट्रोल ऑइलमध्ये मिसळून ते पातळ होते. मी १५,००० किलोमीटरची वाट न पाहता ७,५०० ला बदलतो.

हेही सांगितले पाहिजे की दादाने घातलेले तेल मिनरल (सिंथेटिक नसलेले) होते आणि त्यावर माझ्या इंजिनाचे कोणतेही मानांकन नव्हते, त्यामुळे सगळा दोष जाडीवर टाकता येणार नाही. ट्रॅकवर चालवायची किंवा रिमॅप केलेली (इंजिनच्या संगणकात बदल करून ताकद वाढवलेली) गाडी असेल तर माझे म्हणणे जसेच्या तसे लागू करू नये. शिवाय सोलापुरात कधी बर्फ पडत नाही, म्हणून ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यू यांतल्या फरकासाठी जादा पैसे मोजण्याची येथे गरज नाही. उगाच खर्च करू नये, एवढ्यापुरते दादाचे बरोबर होते आणि ते मी त्याच्यासमोर मान्य केले आहे.

त्याच्या टेम्पोंत १५डब्ल्यू-४० जाते, त्याबद्दल मी त्याला कधी एका शब्दाने बोललो नाही, कारण टेम्पोच्या पुस्तिकेत तेच छापलेले आहे. माझ्या गाडीच्या बाबतीत त्याने माझी पुस्तिका उघडून पाहावी, एवढेच मी पाच वर्षे त्याला सांगत आलो आहे.