सेस्ना १७२ मध्ये डावी टाकी आधी रिकामी होत असेल, तर सिलेक्टर व्हॉल्व्ह बदलावा का?

इंधन कोणत्या टाकीतून घ्यायचे ते ठरवणारा सिलेक्टर ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर, असूनही आपल्या जुन्या विमानाची डावी टाकी फार लवकर उतरते, म्हणून आपण व्हॉल्व्ह बदलण्याच्या विचारात आहात. कृपया तो आधी बदलू नका. मी वरिष्ठांच्या हुकमावरून तो एकदा बदललेला आहे.

विमान १९७४ सालचे १७२एम होते. इंधन एकूण ४२ अमेरिकन गॅलन, त्यांपैकी वापरण्याजोगे ३८. नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर, विमान बाजूला घसरते का हे दाखवणारा चेंडू मध्यभागी ठेवून केलेल्या दोन तासांच्या उड्डाणाआधी आणि नंतर मी दोन्ही टाक्या पट्टीने मोजल्या, कारण त्या गेजवर माझा विश्वास नव्हता. डावीतून ४३ लिटर गेले होते आणि उजवीतून अवघे १८. विमान नुकतेच रंगवून आले होते आणि डाव्या स्ट्रटच्या (पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याच्या) आडोशाला असणारी व्हेंटची, म्हणजे टाकीत हवा घेणारी, नळी कोणाचा तरी धक्का लागून बाहेर वळली होती, हे मी दाखवले, तेव्हा ‘एवढ्याशा नळीने काय होते?’ असे उत्तर मिळाले. त्याचा हिशेब आज देतो. १०० नॉट वेगाला समोरच्या हवेचा पूर्ण दाब सुमारे २३ सेंटिमीटर उंचीच्या पेट्रोलाइतका भरतो. डाव्या टाकीला ही हवा थेट मिळते, उजवीला दोन्ही टाक्यांमधल्या हवेच्या जोडनळीतून, आणि गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या या व्यवस्थेत दोन सेंटिमीटरचा फरकही पुरेसा असतो. सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे नळी जागेवर आणल्यावर फरक पाच लिटरांवर आला. लॉगबुकात मात्र ‘व्हॉल्व्ह बदलल्यानंतर दोष दूर’ अशीच नोंद आहे.

आपण व्हेंटच्या नळीत कुंभारमाशीने घर केले आहे का, हेही पाहावे. तिला रबरी नळी लावून हलकेच फुंकावे आणि रबरी नळीचे टोक पाण्यात धरावे. बुडबुडे सलग आले, तर व्हेंटमधल्या झडपेचे बारीक छिद्र मोकळे आहे. नंतर उजव्या टाकीचे झाकण सैल करून पुन्हा फुंकावे, म्हणजे जोडनळीचीही परीक्षा होते. झाकणांची रबरे चिरली असतील, तर पंखावरचे शोषण टाकीतला दाब कमी करते.

थोडा फरक राहणारच. सपाट उड्डाणात जड पंखाची टाकी निवडून तो हळूहळू भरून काढता येतो. उड्डाण घेताना आणि उतरताना मात्र ‘बोथ’च हवे. हे सारे परवानाधारक अभियंत्यासमोर करावे, आणि नळी सरळ केल्याची नोंद त्याच दिवशी, वेगळ्या ओळीत करून घ्यावी.