स्कॉटलंडमध्ये पाण्याकाठचं सेल्फ-केटरिंग अपार्टमेंट भाड्याने घ्यावं का? सुट्टीत स्वयंपाक म्हणजे डोक्याला ताप नाही का?

घ्या. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की जुलैत दोन कुटुंबं जाताय, निम्मे शाकाहारी, मिसेस म्हणतात सुट्टीतही ओट्याशीच उभं राहायचं तर घरी काय वाईट, आणि मित्र म्हणतो बॅगेत रेडी-टू-ईट पाकिटं भरून न्या. त्या मित्राचं अजिबात ऐकू नका. असा एक माणूस मी चांगला ओळखून आहे, तो माझा साडू लागतो.

मी मूळचा मालवणकडचा, मुलगा ग्लासगोला नोकरीला. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा आम्ही आणि साडूंचं कुटुंब मिळून ओबान या बंदराच्या गावी पाण्यासमोर अपार्टमेंट घेतलं. ग्लासगोहून थेट ट्रेन आहे, तीन तासांच्या आसपास लागतात, आणि स्टेशनबाहेर पडलात की धक्का समोरच. समोर केरेरा बेट, काळ्या बुडाच्या, लाल धुराड्याच्या फेरीबोटी ये-जा करतायत, आणि आमचे साडू पाण्याकडे पाठ करून ओट्यावर राजमा-छोल्यांची पाकिटं मांडतायत. ‘इकडचा मासा बेचव असतो,’ हे त्यांनी एकही मासा तोंडात घालण्याआधी जाहीर केलं होतं. पनीरची पाकिटं तेवढी नव्हती, कारण दुधाचं काहीही भारतातून ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे, हे मुलाने त्यांना फोनवर बजावलं होतं. (तुम्हीही पेढे आणि तूप घरीच ठेवा.)

पहिल्याच रात्री पाकिटातल्या डाळीला चव येईना म्हणून साडूंनी वरून लसणाची फोडणी दिली. 2022 च्या फेब्रुवारीपासून स्कॉटलंडमध्ये घराघरात अलार्म सक्तीचे आहेत: बसायच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये धुराचे, स्वयंपाकघरात उष्णतेचा, आणि सगळे एकमेकांना जोडलेले. एक बोंबलला की सगळे बोंबलतात. आमचा ओटा आणि बैठक एकाच खोलीत. मिरची तडतडली आणि घरभर जो काही आक्रोश सुरू झाला! साडू टॉवेल फिरवतायत, मेव्हणी खिडक्या उघडतेय, पोरं कानावर हात ठेवून हसतायत. दुसऱ्या दिवशी मालकाचा मेसेज आला, खाली कुणी तक्रार केली म्हणून. आणि एवढं होऊन डाळ पाकिटासारखीच लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी धक्क्यावर गेलो. एक म्हातारबाबा पिसं बांधलेले गळ एकाच दोरीला लावून बांगडे ओढत होते. उन्हाळ्यात तिकडे बांगडा किनाऱ्याजवळ येतो. मी बराच वेळ बघत उभा राहिल्यावर त्यांनी पिशवीच हातात दिली, पैसे घेईनात. आपल्या बांगड्याहून सडसडीत, पाठीवर नागमोडी काळे पट्टे, कल्ले लालभडक, शेपटीपर्यंत ताठ. बांगडा त्याच दिवशी खायचा, तिथेही आणि इथेही. अलार्मच्या भीतीने तळले नाहीत, तिखलं केलं: आलं-लसूण, मालवणी मसाला, चार सोलं, तिरफळं ठेचून, वरून जरासं खोबरेल तेल. झाकण ठेवून मंद आचेवर. धूर नाही, आवाज नाही. थंड पाण्यातला मासा, अंगात तेल भरपूर, रश्श्यावर तवंग आला. साडूंनी काही न बोलता तीन वेळा भात घेतला. मत मात्र बदललं नाही. आजही लग्नाकार्यात भेटले की ‘तिकडे खायचे हालच’ म्हणतात, म्हणून हे इतकं लांबतंय.

तर पिशवीत न्यायचं ते एवढंच: मसाला, सोलं, तिरफळं, हळद, हिंग. जेवण तिथे विकत घ्यायचं. लांगुस्तीन (लांब नांग्यांची, छोट्या लॉबस्टरसारखी कोळंबी) मिळाली तर सोडू नका. तिथले मच्छीमार त्यांना नुसतं प्रॉन म्हणतात आणि चांगला माल जिवंतच ट्रकमधून स्पेन-फ्रान्सला जातो, म्हणून धक्क्यावर विचारावं लागतं. मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, वर लोणी, बास. मसाला लावलात तर पाप लागेल. धुरी दिलेला हॅडॉक मासा, बटाटा, कांदा आणि दूध घालून कलन स्किंक नावाचं सूप करतात. मासे आणि दूध एकत्र म्हटल्यावर साडू अंगावर डाग उठतील म्हणाले. मी दोन वाट्या प्यायलो, डाग अजून उठायचेत. हॅगिसचंही तेच. मेंढीची कलेजी, हृदय, फुप्फुस आणि ओट्स. गावी वजडी बोटं चाटून खाणाऱ्या माणसाने नाक का मुरडावं?

शाकाहाऱ्यांचं विचाराल तर हाल होत नाहीत. बटाट्याचे टॅटी स्कोन तव्यावर गरम करा, शाकाहारी हॅगिस सुपरमार्केटात मिळतं, आणि जुलैत स्कॉटलंडच्या रासबेरी-स्ट्रॉबेरीचा मोसम असतो.

आता काही गोष्टी, आधीच सांगायला हव्या होत्या. कोकणातले असाल तर ओहोटीला खडकांवर शिनाणे आणि कालवं बघून हात शिवशिवतील. काढू नका. उन्हाळ्यात त्यात शेवाळाचं विष असू शकतं आणि ते शिजवून जात नाही. विकत घ्या. गॅलरीत बसून जेवायचं स्वप्न वारा असेल तरच बघा. वारा पडला की मिज नावाची बारीक चिलटं फोडून काढतात. दुकानात दारू सकाळी दहा ते रात्री दहाच मिळते. अपार्टमेंटच्या जाहिरातीत भाड्याने द्यायच्या लायसन्सचा नंबर नसेल तर ते घर घेऊ नका, तो दाखवणं तिथे बंधनकारक आहे. सुऱ्या बोथट निघतील हे धरून चाला. खर्च हॉटेलपेक्षा कमी की जास्त, ते तुमच्या माणसांवर आणि तारखांवर आहे, तो हिशेब तुम्हीच करा.

राहिला मिसेसचा मुद्दा. त्यांचं बरोबर आहे. आमच्याकडे ओट्याशी मी होतो, भांडी मुलाने मशीनमध्ये लावली, आणि बायको खिडकीत पाय पसरून चहा पीत बसली. हे तुमच्याच्याने होणार नसेल तर सरळ हॉटेल बुक करा.