कमजोर केलेला जंतू पुन्हा जोर धरेल का?

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी रोज नवी मुंबईतल्या एका लॅबमध्ये जाते. तिथे उंदरांना टायफॉईडचे कमजोर केलेले जंतू देऊन लस तपासतात म्हणे. जंतू कमजोर झालाय हे कळतं कसं? आणि त्याने पुन्हा जोर धरला तर? — एक आई, कळवा

उत्तर : ताई, मी सव्वीस वर्षं ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, काढली, आता नेरुळला घरी असते. सुरुवातीला माझी आईही मी दारात आले की आधी आंघोळीला पिटाळायची, म्हणून तुमची काळजी कळते.

माणसाच्या टायफॉईडचा जंतू उंदराला सहसा आजारी पाडत नाही. म्हणून त्याचा भाऊबंद, साल्मोनेला टायफिम्युरियम, वापरतात. उंदराला त्याने टायफॉईडसारखाच आजार होतो, माणसाला बहुधा जुलाब. तेव्हा ग्लोव्ह्ज आणि हात धुणं चुकवायचं नाही.

कमजोर करायची एक पद्धत मला फार आवडायची. जंतूला वाढायला लागणारे काही घटक तो स्वतःच बनवतो, प्राण्याच्या शरीरात ते पुरेसे मिळत नाहीत. ते बनवणारं जनुकच कापून टाकायचं. लॅबमध्ये ते घटक अन्नात घातले की जंतू छान वाढतो, उंदराच्या पोटात गेला की थोडे दिवस तग धरतो आणि उपासमारीने संपतो. ते थोडे दिवसच महत्त्वाचे. लगेच नाहीसा झाला तर शरीराला त्याची ओळखच पटत नाही.

टोकाला गोल मणी असलेल्या बोथट सुईने आम्ही उंदराला तोंडावाटे डोस द्यायचो. मग रोज सकाळी वजन. पाठ कमानीसारखी, केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले दिसले की समजायचं, हा जंतू अजून जोरात आहे. काही उंदरांची प्लीहा वाटून जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरायची आणि उगवलेल्या जंतूंच्या वसाहती, म्हणजे ठिपके, मोजायच्या. आठवड्यागणिक आकडा उतरायला हवा. काही आठवड्यांनी उरलेल्यांना खरा जोरदार जंतू देतात. लस न दिलेला गट शेजारच्या पिंजऱ्यात असतो. तो आजारी पडतो आणि लसवाले खात-पीत राहतात, तेव्हा लस चालली म्हणायचं. वजन फार घटलेल्या उंदराला आम्ही तडफडत ठेवत नव्हतो.

आता जोर धरण्याचं. जनुकाचा तुकडाच काढलेला असेल तर तो आपोआप परत येत नाही, आणि बहुतेकदा दोन ठिकाणी कापतात. जनुक न कापता कमजोर केलेला जंतूही आहे. क्षयाच्या बीसीजी लसीचा जंतू काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ पासून तेरा वर्षं, सुमारे २३० वेळा नव्या बटाट्यावर वाढवून कमजोर केला. १९३० मध्ये जर्मनीत ल्युबेकला ती लस दिलेली ७२ बाळं दगावली. लसीचा जंतू उलटला नव्हता, तिथल्या लॅबमध्ये क्षयाचा जोरदार जंतू त्यात मिसळला होता.

म्हणून मला भीती सरमिसळीची. मुलीला विचारा, कमजोर आणि जोरदार जंतू वेगळ्या डब्यांत, वेगळ्या रंगाच्या झाकणांत आहेत ना? एकदा आमच्या रॅकमध्ये लेबल सुटलेली एक ट्यूब सापडली. कुणाची ते कळेना. सहा महिन्यांचं काम होतं त्यात, तरी मी तो अख्खा रॅक ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, घातला.