लेझर करूनही काचबिंदूचं प्रेशर परत वाढलं, आता काय?

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. ५ वर्षांपूर्वी काचबिंदूसाठी एसएलटी लेझर केला, ड्रॉप बंद झाले, सगळे खूश होतो. परवा प्रेशर २४ आलं आणि डॉक्टर म्हणाले परत लेझर करू नाहीतर ड्रॉप चालू करू. नातेवाईक म्हणतात लेझरने डोळा कमजोर होतो, एकदा केला तो फुकट गेला, आता परत नको. लेझरचे पुढे वाईट परिणाम होतात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पहिलं म्हणजे लेझर फुकट गेलेला नाही, ५ वर्षं ड्रॉपशिवाय निघाली हे चांगलंच काम झालं. डोळ्यातलं पाणी ज्या बारीक जाळीतून बाहेर जातं ती जाळी एसएलटीने मोकळी होते पण कायमची नाही, हळूहळू असर उतरतो आणि प्रेशर चढायला लागतं. ब्रिटनमध्ये पहिलाच उपचार म्हणून एसएलटी दिलेल्या पेशंटना ६ वर्षं फॉलो केलं तेव्हा साधारण ७० टक्के डोळे ड्रॉपशिवाय ताब्यात राहिले होते, त्यात काहींना लेझर परत द्यावा लागला होता, आणि ऑपरेशनची वेळ सुरुवातीला ड्रॉप दिलेल्यांपेक्षा कमी जणांवर आली.

डोळा कमजोर होण्याचं म्हणाल तर एसएलटीत जाळी जळत नाही म्हणून तर तो परत करता येतो, जुन्या आर्गॉन लेझरचं तसं नव्हतं. लेझरनंतर थोडे दिवस लाली, दुखरेपणा, कधी काही तास प्रेशर वाढणं हे होतं, पण वर्षानुवर्षं राहणारा त्रास फार क्वचित. बुबुळाला भोक पाडायचा लेझर मात्र वेगळा, तो बंद कोनाच्या काचबिंदूत, म्हणजे पाणी बाहेर जायची वाटच बंद होते त्या प्रकारात, करतात आणि त्यानंतर काहींना दिव्याभोवती चकाकी किंवा प्रकाशाची रेघ दिसत राहते. आईचा नक्की कुठला झालाय ते फाईलमध्ये बघून घ्या.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. ड्रॉप बंद झाले की लोक तपासणीपण बंद करतात, दुखत नाही, समोरचा पेपर नीट वाचता येतो, मग कशाला जायचं, आणि इकडे बाजूची नजर कमी होत जाते, जिना उतरताना कडेची पायरी चुकते, बाजूने येणारी गाडी दिसत नाही. गेलेली नजर लेझरने, ड्रॉपने, ऑपरेशनने, कशानेच परत येत नाही हो. म्हणून फील्ड टेस्ट, ती ठिपका दिसला की बटण दाबायची बाजूच्या नजरेची तपासणी, आणि डोळ्याच्या नसेचा स्कॅन आत्ताच करून घ्या, जुन्या रिपोर्टशी ताडून बघायला सांगा. फील्ड बिघडत असेल तर नातेवाईकांचं ऐकत बसू नका, लेझर की ड्रॉप ते डॉक्टरांशी बोलून लगेच ठरवा. ड्रॉप रोज नियमाने घालणं आईला जमत नसेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा, निर्णयात त्याला खूप महत्त्व आहे.

आणि तुम्ही भावंडं चाळिशीच्या पुढे असाल तर तुमचंही प्रेशर आणि नस तपासून घ्या, आई-वडिलांना काचबिंदू असला की मुलांना धोका जास्त असतो.