जुलैत ऑलिव्हची तोडणी होत नाही

भूमध्य सागराकाठच्या उन्हाळी अभ्यासक्रमांबद्दल गेल्या दोन महिन्यांत बरीच पत्रं आली. परिसंस्था, वारसा आणि खाद्यसंस्कृती हे तीन शब्द जवळपास प्रत्येक माहितीपत्रकावर छापलेले असतात, पण यात सहल किती आणि शिक्षण किती, हे पत्र लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नाही. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून काही निवडक प्रश्न इथे घेते. ज्यांचं उत्तर एका ओळीचं आहे, त्यांना एकच ओळ.

प्रश्न : ग्रीक किंवा इटालियन भाषा यायलाच हवी का?

शिकवण्याची भाषा इंग्रजी असेल तर नाही. माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर पैसे भरण्याआधी विद्यापीठाला विचारा.

प्रश्न : मी रत्नागिरीला वनस्पतिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका एजन्सीचा ‘भूमध्य परिसंस्था आणि खाद्यवारसा’ हा दहा दिवसांचा कोर्स जुलैत आहे. त्यात ‘ऑलिव्हची तोडणी आणि तेलघाण्यावर प्रत्यक्ष काम’ असं लिहिलंय. दोन जागाच उरल्यात म्हणे. बुकिंगची रक्कम भरू का?

भरू नका. निदान हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत तरी नको.

जुलैत ऑलिव्हची तोडणी होत नाही. त्या महिन्यात फळ हिरवं, टणक आणि लहान असतं. आतली आठळी कडक व्हायला लागलेली असते, गरात तेल भरायचं असतं ते त्यानंतर. तोडणी ऑक्टोबरपासून पुढे, काही भागांत जानेवारीपर्यंत चालते. घाणे सुरू होतात तेही तेव्हाच. जुलैत घाण्यावर गेलात तर धुऊन पुसून बंद ठेवलेली यंत्रं दिसतील आणि मागच्या हंगामाचं तेल चाखायला मिळेल. ग्रीसच्या क्रीट बेटावर नोव्हेंबरात एका गावच्या घाण्यावर मी उभी होते. नळीतून येणारं तेल गर्द हिरवं होतं, पावाच्या तुकड्यावर घेतलं तर घशाशी मिरीसारखं झोंबलं. तो अनुभव जुलैत कोणी विकत असेल, तर त्या माणसानं ऑलिव्हचं झाड बारा महिने पाहिलेलं नाही किंवा तुम्ही पाहिलेलं नाही याचा तो फायदा घेतोय.

हे मी इतकं ताणून सांगते, कारण भूमध्य परिसंस्थेचं सगळं मर्म ऋतूत आहे. आपल्याकडे उन्हाळा संपता संपता पाऊस येतो आणि रान हिरवं होतं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. आपण जूनमध्ये बी पेरतो, तेव्हा तिथे गव्हाची कापणी चाललेली असते. रानफुलांचा बहर मार्च ते मे. जुलैत तिथलं झुडपी रान झोपलेलं असतं: पानं जाड, चिवट, तेलकट, कितीतरी झुडपं अर्धी पानं गाळून उभी. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला कोरड्या ऋतूत झाड तग कसं धरतं हे शिकायचं असेल, तर जुलै उत्तमच. पण मग अभ्यासक्रमात तेच लिहिलेलं असायला हवं.

तिथल्या उन्हाळ्यात शिकण्यासारखं खरोखरच पुष्कळ आहे. ग्रीसच्या खिओस बेटाच्या दक्षिण भागात जुलैपासून मस्तकीच्या झाडांना चिरा देतात. ही पिस्त्याच्या कुळातली झाडं. चीक पडेल तिथे माती लागू नये म्हणून आधी झाडाखालची जमीन झाडून सपाट करतात आणि तिच्यावर पांढरी चुनखडीची भुकटी पसरतात. खोडातून ठिबकणारे थेंब त्या पांढऱ्या अंथरुणावर पडून वाळतात, मग एकेक उचलून साफ करतात. आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात ‘रुमी मस्तकी’ म्हणून मिळते ती हीच. या लागवडीच्या परंपरेला २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. पोर्तुगालच्या आलेंतेझू भागात याच महिन्यांत बुचाच्या ओकची साल काढतात. एकदा काढली की पुन्हा नऊ वर्षांनी. साल काढलेलं खोड विटकरी दिसतं आणि त्यावर पांढऱ्या रंगानं एक आकडा काढलेला असतो, तो त्या वर्षाचा शेवटचा अंक. तो वाचला की पुढची पाळी कधी, ते कळतं. ग्रीसच्याच झाकिंथोस बेटावर लागानासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं जून ते ऑगस्टमध्ये अंडी घालतात. तुम्ही रत्नागिरीच्या आहात म्हणून सांगते, आपल्या वेळासला मार्च-एप्रिलमध्ये पिल्लं समुद्राकडे निघतात. प्राणी कासवच, पण जाती वेगळ्या आणि वेळापत्रकही वेगळं. ही तुलना मनात घेऊन जो विद्यार्थी तिथे जाईल, त्याला दहा दिवसांत दुप्पट कळेल.

तेव्हा एजन्सीकडे रोजचं वेळापत्रक मागा: कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठे आणि कोण शिकवणार. शिक्षकाच्या नावापुढे त्याचं विद्यापीठ असायला हवं, आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हा अभ्यासक्रम दिसायला हवा. दिसला नाही तर तिथल्या समन्वयकाला तुम्ही स्वतः ईमेल करा. पावतीवर काय लिहिणार, हेही विचारा. माझ्या एका विद्यार्थ्याला ‘कोर्स’ म्हणून जे विकलं, त्याच्या बिलावर ‘टूर पॅकेज’ लिहिलेलं निघालं. परदेशी सहलीच्या पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा कर, कापला जातो, शिक्षणासाठी पाठवलेल्या रकमेला मात्र ठराविक मर्यादेपर्यंत तो लागत नाही. दर बजेटमध्ये बदलतात, म्हणून सीएला दाखवूनच रक्कम पाठवा. आणि ‘दोन जागाच उरल्यात’ हे वाक्य मला गेली अनेक वर्षं दर मार्चमध्ये ऐकवलं जातं.

प्रश्न : दहा दिवसांच्या कोर्सला सहा युरोपीय क्रेडिट मिळतील असं सांगितलंय. ते आमच्या विद्यापीठात धरतात का?

आधी हिशेब करा. युरोपीय पद्धतीत एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचं काम धरतात, त्यात स्वतःचा अभ्यासही आला. सहा क्रेडिट म्हणजे १५० ते १८० तास. दहा दिवसांत बसवायचे तर रोज पंधरा ते अठरा तास. जाण्याआधीचं वाचन आणि परतल्यावरचा प्रकल्प मोजला असेल तर गणित जुळू शकतं, पण ते लिहून दिलेलं हवं.

तुमच्याकडे ते धरतील का, हे तुमच्या विद्यापीठाशिवाय कोणीच सांगू शकत नाही. एजन्सी तर नाहीच. परदेशातलं क्रेडिट आपोआप तुमच्या खात्यात येऊन पडत नाही. अभ्यासक्रमाचा तपशील घेऊन विभागप्रमुखांकडे आणि परीक्षा विभागाकडे जा, आणि निघण्याआधी लेखी होकार घ्या. तोंडी ‘बघू, होऊन जाईल’ यावर जाऊन आलेली मुलं नंतर रडत येतात, मला ते बघवत नाही. याच भेटीत आपल्या परीक्षांच्या तारखाही तपासा. आपली सुट्टी एप्रिल-मेची, त्यांचे उन्हाळी वर्ग बहुतेक जून ते ऑगस्टमध्ये. त्या सुमारास आपल्याकडे राहिलेले पेपर किंवा नव्या वर्षाचे वर्ग सुरू झालेले असतात.

प्रश्न : उन्हाळी कोर्ससाठी इरास्मस शिष्यवृत्ती मिळते का? एकाने अर्ज भरून देण्याचे वीस हजार मागितलेत.

देऊ नका. ऐकिवात असते ती महिन्याला १४०० युरोची शिष्यवृत्ती युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडुस योजनेतल्या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी आहे, तीन आठवड्यांच्या उन्हाळी वर्गासाठी नाही. फीमध्ये सवलत असली तर ती शिकवणारी संस्थाच देते, तिथे थेट विचारा.

प्रश्न : ‘युनेस्को-मान्य मेडिटेरेनियन डाएट सर्टिफिकेट’ घेतलं तर आहारतज्ज्ञ म्हणून उपयोग होईल का?

युनेस्कोनं २०१० मध्ये स्पेन, ग्रीस, इटली आणि मोरोक्को यांच्या खाद्यपरंपरेला वारसा यादीत घेतलं, २०१३ मध्ये सायप्रस, क्रोएशिया आणि पोर्तुगाल जोडले गेले. मान्यता मिळाली ती लोकांच्या जगण्यातल्या परंपरेला. कोणाच्या सर्टिफिकेटवर त्यामुळे युनेस्कोचा शिक्का बसत नाही. हा विषय गंभीरपणे शिकायचा असेल तर इटलीतल्या पोलेंझोचं गॅस्ट्रॉनॉमिक सायन्सेस (खाद्यशास्त्र) विद्यापीठ आहे, २००४ मध्ये सुरू झालेलं. शेतीच्या अंगानं शिकायचं तर १९६२ मध्ये स्थापन झालेली सीहेआम ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिची केंद्रं बारी, खानिया, माँपेलिए आणि झारागोझा इथे आहेत. आहारतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करायचा तर त्याची पात्रता इथलीच लागते. आपल्या शहरातल्या नोंदणीकृत आहारतज्ज्ञाशी एकदा बोला.

प्रश्न : जुलैचा कोर्स आहे. एजंट म्हणतो, व्हिसा जूनमध्ये टाकू, आणि ग्रीसपेक्षा दुसऱ्या देशाचा सोपा मिळतो.

दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणाऱ्या सामायिक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत ताणले जाऊ शकतात. शिवाय एप्रिल-मेमध्ये सुट्टीच्या पर्यटकांमुळे अर्ज केंद्रांवर तारीख मिळता मिळत नाही. जुलैत जायचं तर कागद मार्चमध्ये तयार हवेत.

जास्त दिवस ज्या देशात राहणार, अर्ज त्याच देशाकडे करायचा. ‘सोप्या’ देशाकडे खोटी हॉटेल बुकिंगं दाखवून केलेला अर्ज पकडला गेला, तर पुढच्या उच्चशिक्षणाच्या व्हिसालाही ते नडू शकतं. ९० दिवसांच्या आतला कोर्स अल्पमुदतीच्या व्हिसावर होतो, पण कारण ‘शिक्षण’ असंच लिहा आणि संस्थेचं प्रवेशपत्र जोडा. किमान ३०,००० युरोंचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. प्रौढांसाठी व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. तुमच्या बाबतीत काही गुंतागुंत असेल, आधी नकार मिळालेला असेल, तर दूतावासाच्या संकेतस्थळावरची यादी समोर ठेवून जाणकाराला दाखवा.

प्रश्न : मी शुद्ध शाकाहारी आहे. उपाशी राहावं लागेल का?

मुळीच नाही. ग्रीक घरांत ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्यांचा एक स्वतंत्र प्रकारच आहे, आणि धार्मिक उपवासांमुळे मांस, दूध, अंडी नसलेले पदार्थ पिढ्यान् पिढ्या रांधले जातात. उन्हाळ्यात क्रीटमध्ये ‘व्लीता’ उकडून वर तेल-लिंबू घालून देतात. पान बघा, आपल्या माठाच्याच कुळातलं. सॅलडमध्ये ‘ग्लिस्त्रीदा’ दिसली तर ती आपली घोळ. पहिल्यांदा ती ताटात पाहिली तेव्हा मला आजीच्या घोळीच्या भाजीची आठवण झाली होती. चीजबाबत मात्र विचारूनच खा. पार्मिजानो रेजानोसारख्या चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं. कांदा-लसूणही चालत नसेल तर अर्जातच लिहा, तिथे पोचल्यावर सांगून उपयोग नाही. घरात कोणाला जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतल्या विकराची कमतरता असेल तर बाकल्याच्या शेंगा आणि दाणे धोक्याचे असतात, निघण्याआधी डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त इतिहास-शिक्षिका, सांगलीची. पुरातत्त्वाच्या उन्हाळी वर्गाला जाऊ शकते का? रक्तदाबाची गोळी चालू आहे.

जाऊ शकता, आणि जा असंच मनापासून म्हणेन. वयाची अट नसलेले वर्ग आहेत. पण तिथल्या उन्हाला कमी लेखू नका. जुलै २०२३ मध्ये उष्णतेमुळे अथेन्सचा अक्रोपोलिस हा प्राचीन बालेकिल्ला दुपारी बंद ठेवावा लागला होता. सकाळी लवकर शेतावर किंवा उत्खननावर, दुपारी सावलीत, असा क्रम ज्या वर्गाचा असेल तोच निवडा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी कमी होतं, तेव्हा आपल्या डॉक्टरांना वेळापत्रक दाखवून मात्रा विचारून घ्या, स्वतःहून बदलू नका. विमा काढताना हा आजार लपवू नका.

प्रश्न : नाशिकजवळ आमची द्राक्षबाग आहे. मुलगी इटलीत पुल्यामध्ये कोर्सला जातेय. ऑलिव्हची दोन रोपं बॅगेतून आणली तर चालतील का?

नाही. एक काडीसुद्धा नाही.

पुल्याच्या सालेंतो भागात २०१३ मध्ये झायलेला नावाचा जिवाणू सापडला. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिकांत तो वाढतो आणि त्या तुंबवतो, फेस करणारा एक छोटा कीटक तो झाडाझाडांत पसरवतो. बाधित झाड बरं करणारं औषध नाही. शेकडो वर्षांची लाखो झाडं गेली. मी पाहिलेल्या एका बागेत बुंध्याशी हिरवे धुमारे फुटले होते आणि वर नुसत्या राखाडी काड्या. याच जिवाणूचा दुसरा प्रकार अमेरिकेत द्राक्षवेली मारत आलाय, आणि स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या द्राक्षबागांतही तो सापडलाय. तुम्ही द्राक्ष बागायतदार आहात, म्हणून ही कळकळीची विनंती.

आयात परवाना आणि रोपांच्या आरोग्याचा दाखला नसेल तर रोपं, कलमं, माती यांतलं काहीही भारतात आणणं बेकायदा आहे. ऑलिव्ह लावायचंच असेल तर कृषी विद्यापीठाच्या फलोद्यान विभागाला विचारून देशातल्या रोपवाटिकेतून घ्या. राजस्थानात त्याची लागवड आहे. मुलीला सांगा, शेतात घातलेल्या बुटांचे तळवे निघायच्या आदल्या दिवशी तिथेच ब्रशनं घासून धुऊन वाळवायचे.